गोड्या पाण्याची खांड

चिंबोरी दुसऱ्या चिंबोरीला मारते तेव्हा घाई करत नाही. मागून येते, एक पाय धरते आणि मुळापासून काढते. मग दुसरा. खालची चिंबोरी नुकतीच कवच टाकून मऊ पडलेली असेल तर आवाजही होत नाही, भिजलेला पुठ्ठा फाटावा तसा पाय सुटून येतो. पाय संपले की पोट. तोवर खालची जिवंत असते, देठांवरचे डोळे हलत असतात. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. तीन गुंठ्यांच्या तळ्यात, गुडघाभर चिखलात उभं राहून, स्वतःच्या अंगठ्याला एक चिंबोरी लटकलेली असताना पाहिलेलं आहे. आणि ही कत्तल घडवून आणणारा मीच होतो.

मी हायस्कूलात विज्ञान शिकवतो. पेशी, पेशीचा पडदा, परिसरात बदल झाला की सजीव काय करतो, हे सगळं मी वीस वर्षं फळ्यावर काढत आलो आहे. माझ्या आकृत्या सुरेख असतात. फळ्यावर काढलेली पेशी चावत नाही, हा त्यातला मोठा फायदा.

तळं वहिनीचं. म्हणजे जागा आजोबांच्या मिठागराची. मीठ पिकवणं बंद झाल्यावर वीस वर्षं ती ओसाड पडली होती. एका अंगाला खाडीचा बांध, त्यात पाणी आत-बाहेर सोडायची लाकडी फळ्यांची उघाडी. दुसऱ्या अंगाला आमचंच भाताचं शेत, मध्ये हातभर रुंदीचा मातीचा आडवा बांध. वहिनीने तळ्याच्या कडेने पत्रे ठोकले, तळाशी फुटकी कौलं आणि पाइपाचे तुकडे टाकले, लपायला. मग कांदळवनातल्या बिळांतून लोखंडी आकडीने पोरसवदा चिंबोऱ्या काढून आणल्या आणि जूनमध्ये मोजून सहाशे सोडल्या.

मोजल्या, कारण दादाशी तिचा करार होता. माझ्या थोरल्या भावाचे दोन डंपर आहेत. ते देवळासमोरच्या रस्त्यावर उभे असायचे आणि गावाची बोलणी खायचे. दादाला तळं बुजवून, वर मुरूम दाबून तिथे गाड्या लावायच्या होत्या. आदल्या वर्षी वहिनीच्या निम्म्याहून जास्त चिंबोऱ्या पळाल्या, नाहीतर एकमेकींना खाऊन संपल्या, त्यामुळे त्याच्या बोलण्याला धार आली होती. शेवटी असं ठरलं की दसऱ्याला तळं उपसायचं. सहाशेतल्या तीनशे जिवंत निघाल्या तर तळं राहील. एक जरी कमी निघाली तरी पुढच्या आठवड्यात मुरूम.

"तीनशेला एक कमी म्हंजे कमी," दादा जेवताना म्हणाला होता.

"बोटं हायेत ना तुमच्या हाताला," वहिनी म्हणाली. "तुमीच मोजा."

वहिनी चौथी शिकलेली. पाण्याचा खारेपणा ती करंगळी बुडवून, चाटून बघायची. मी ऑनलाइन मागवलेलं एक यंत्र डोळ्याला लावून बघायचो. दोघांचं उत्तर बहुतेक वेळा एकच यायचं, फक्त तिचं आधी यायचं. पावसाळ्यात तिचं मुख्य काम म्हणजे गोडं पाणी तळ्यात साचू न देणं. पावसाचं पाणी हलकं, ते खाऱ्यावर तरंगतं. ओहोटी लागली की ती उघाडीची फक्त वरची फळी काढायची आणि तो गोडा थर सायीसारखा खाडीत सोडून द्यायची. मग भरतीला खालून खारं पाणी घ्यायची. रोज. भर पावसात इरलं घेऊन.

मला हे अडाणीपणाचं वाटायचं. एकदा मी तिला स्वयंपाकघरात दोन वाट्या मांडून दाखवल्या. एकीत मिठाचं पाणी, एकीत साधं, दोन्हींत बटाट्याची काप. तासाभराने मिठातली काप लुळी, साध्या पाण्यातली टणक.

"बघा वहिनी, गोड्या पाण्यात पेशी पाणी पिते, फुगते. चिंबोरीला वाढायचं तर जुनं कवच फोडायला लागतं. फोडायला आतून फुगायला लागतं. तुम्ही तिला खाऱ्यात ठेवता, ती फुगणार कशी?"

तिने टणक काप उचलून रश्श्यात टाकली. "बटाट्याला डेंगे नसतात, भावजी," ती म्हणाली. चिंबोरीच्या नांगीला आमच्याकडे डेंगा म्हणतात.

श्रावणाच्या शेवटच्या आठवड्यात तिच्या भाचीचं बारसं होतं, दिघीला. चार दिवस जाणार होती. निघताना तिने मला तीन कामं सांगितली: सकाळ-संध्याकाळ मासळीचा कचरा टाकायचा, ओहोटीला वरची फळी काढायची, भरतीला लावायची.

"आणि बाकी कशाला हात लावू नका. कशालाच."

"मी काय लहान आहे का?"

"लहान असता तर सांगून गेले नसते, संग घेऊन गेले असते."

ती गेली त्याच दुपारी मी फावडं घेऊन आडव्या बांधावर उभा होतो. शेत पावसाच्या पाण्याने काठोकाठ भरलेलं. तळं हातभर खाली. माझा हिशेब साधा होता. दसऱ्याला सवा महिना उरलेला. आत्ता सगळ्यांनी एकदा कवच टाकलं तर दसऱ्यापर्यंत प्रत्येक चिंबोरी दीडपट होईल आणि दादाचं तोंड बंद. वहिनी येईल, बघेल, आणि मला म्हणेल... काय म्हणेल ते मी पुरतं ठरवलं होतं, इथे सांगत नाही.

मी वीतभर रुंदीची खांड पाडली. बांधाला पडलेल्या भगदाडाला आम्ही खांड म्हणतो. आमच्या भागात हा शब्द ऐकला की माणसं ताटावरून उठतात, कारण खांड म्हणजे भातात खारं पाणी. पण मी गोडं पाणी खाऱ्यात सोडत होतो, उलटी खांड. कुणी पाडली नसेल अशी. संध्याकाळी मी ती चिखलाने बुजवली, वरून पायाने दाबली. यंत्रात पाहिलं, खारेपणा निम्म्यावर आला होता. एका दुपारीत.

दुसऱ्या दिवशी चिंबोऱ्या पत्र्यांवर चढायला बघत होत्या. घसरायच्या, पुन्हा चढायच्या, नखांचा पत्र्यावर खरखर आवाज. मी वहीत लिहिलं: हालचाल वाढली. आता कळतं, त्या पळायला बघत होत्या. अंगातलं मीठ धरून ठेवायला त्यांचे कल्ले रात्रंदिवस राबत असणार, आणि पाणी मात्र चोहोबाजूंनी आत घुसत होतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी खाणं सोडलं. मी लिहिलं: कवच टाकण्यापूर्वी अन्न वर्ज्य, अपेक्षेप्रमाणे. हे खरंच आहे. फक्त सगळ्यांनी सोडलं नव्हतं. ज्यांनी सोडलं नव्हतं त्या वाट बघत होत्या.

चौथ्या दिवशी सकाळी पाण्यावर पोकळ कवचं तरंगत होती, मागून फाटलेली, डोळ्यांच्या टोप्यांसकट. मी आनंदाने फोटो काढून वहिनीला पाठवला. लगेच फोन आला.

"किती हायेत?"

"शंभरेक तरी. आणखी निघताहेत."

"एका दमात?"

"हो ना, एका दमात."

तिच्या मागे बारशाचा गलका.

"भावजी, बांध बघितलाव का?"

"बांधाला काय झालंय?"

"उद्या पहिल्या फेरीबोटीनं येतंय. तवर काठीनंसुद्धा ढवळू नका."

दुसऱ्या दिवशी पिठोरी अमावास्या. उजाडता उजाडता मी तळ्यावर गेलो आणि आधी मला वाटलं, पाऊस पडतोय. पाणी जागोजागी उसळत होतं. मग दिसलं. प्रत्येक कौलाखाली, प्रत्येक पाइपाच्या तोंडाशी कुणीतरी कुणालातरी फाडत होतं. मऊ चिंबोरी कौलाच्या आत मागे मागे सरकत होती आणि टणक चिंबोरी डेंगा आत घालून तिला तुकड्यातुकड्यांनी बाहेर काढत होती. एका ठिकाणी तिघी जणी एकीवर. एक मादी अर्धवट कवचातच अडकलेली, मागचा भाग बाहेर, पुढचा जुन्या कवचात, आणि बाहेर आलेला तेवढाच भाग दुसरी खात होती. नुकती उघडी पडलेली चिंबोरी पाण्यात एक वास सोडते म्हणतात. तळ्यात तेव्हा तीनशे वास सुटले असतील. जी टणक होती तिच्या लेखी पानं वाढून झाली होती.

मी पाण्यात उडी मारली. आता म्हणाल, मारामारी सोडवायला पाण्यात उडी मारणारा विज्ञानशिक्षक कसा दिसत असेल, तर लुंगी वर खोचलेला, हातात चपातीचा चिमटा. घरातला चिमटा. तेवढंच सापडलं. एकीला सोडवलं तर तिने कृतज्ञतेने शेजारणीचा पाय धरला. मऊ चिंबोरी हातात घेतली तर ती बोटांतून लिबलिबीत पिठासारखी ओघळली, आणि बुडाली तिथेच तिच्यावर दोन धावल्या. मी हाताने त्यांना हाकलायला गेलो आणि अंगठा गेला.

चिंबोरीचा मोठा डेंगा सुपारी फोडू शकतो. माझा अंगठा सुपारी नव्हता, तरी नखाच्या मुळाशी काहीतरी फुटल्याचा आवाज मी ऐकला. मी ओरडलो. हात झटकला. चिंबोरी सुटली आणि पाण्यात पडली, पण डेंगा नाही. तिने तो खांद्यापासून सोडून दिला होता. जीव वाचवायला अवयव टाकून देणं, दहावीला दोन मार्कांचा प्रश्न. सुटलेला डेंगा मात्र अंगठ्यावर तसाच आवळलेला. तो दगडाने फोडून काढायला लागला, आणि दगड एकदा डेंग्यावर बसला, दोनदा अंगठ्यावर.

आठच्या सुमाराला वहिनी आली. आगरदांड्याहून एसटी, स्टॉपवरून चालत. हातात बारशाची पिशवी. तिने तळ्याकडे पाहिलं, मग आडव्या बांधाकडे. मी दाबून बसवलेली खांड ओली, नव्या मातीची, वीतभर ठळक दिसत होती. पायाच्या ठशांसकट. तिने त्या ठशांकडे पाहिलं आणि माझ्या पायांकडे.

पिशवी तिने पत्र्याला अडकवली. "डंपरातली पक्कड आणा. दोन. आणि टोपल्या."

तिने उघाडीच्या सगळ्या फळ्या काढल्या. खाडीचं पाणी अजून खाली होतं, तळ्यातलं भराभर उतरलं, चिखल उघडा पडला आणि जे पाण्याखाली होतं ते वर आलं. मला तिकडे बघवेना.

"मऊ हायेत त्या टोपलीत ठेवा, ओल्या गोणपाटाखाली. एकावर एक न्हाय. टणक माझ्याकडं द्या."

टणक चिंबोरी मी मागून धरून दिली की ती डाव्या हाताने तिला चिखलात दाबायची, उजव्या हाताने पक्कड डेंग्याच्या मुळाशी लावायची आणि एकदाच आवळायची. चिंबोरी स्वतःच डेंगा टाकून द्यायची, टक् असा आवाज करून. मग दुसरा. मग बिनडेंग्याची चिंबोरी तळ्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात फेकायची.

"वहिनी, मरतील त्या."

"मुळाशी दाबला तर रक्त लागत न्हाय. ती आपणच बंद करते. मधी तोडला तर मरंल." टक्. "माझी आय बाजारात निघताना अशीच करायची, टोपलीत भांडू नयेत म्हणून." टक्. "डेंगा परत येतो, भावजी. खाल्लेली चिंबोरी परत येत न्हाय."

दुसरी पक्कड तिने माझ्याकडे दिली. मी दहाबारा चिंबोऱ्यांचे डेंगे चुकीच्या जागी तोडले. निळसर रक्त हातावर आलं. तिने बघितलं आणि पक्कड माझ्या हातातून काढून घेतली. त्यानंतर मी फक्त धरून देत होतो, नऊ बोटांनी. टोपलीत डेंग्यांचा ढीग वाढत होता आणि त्यातले कितीतरी अजून उघडत मिटत होते, एकमेकांना पकडत होते. अंगाशिवाय भांडण चालू होतं. तीन तास आम्ही ते केलं. तिच्या पदरापासून कोपरापर्यंत चिखल आणि चिंबोऱ्यांचे आतले पिवळे लगदे. ती मध्येच ओकली, बाजूला होऊन, तोंड पुसून परत बसली.

अकराला भरतीचं पाणी तळ्यात चढू लागलं. अमावास्येचं उधाण. तेवढ्यात दादा आला, मुरुमाने भरलेला डंपर घेऊन. गावात बातमीला चिंबोरीपेक्षा जास्त पाय असतात. त्याने गाडी बांधापाशी उभी केली, इंजिन चालू ठेवलं आणि खाली उतरला.

"काय झाला?"

मी म्हणालो, "बांध फुटला."

हे दोन शब्द मी विचार न करता बोललो, असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. खरं म्हणजे विचार करूनच बोललो. वहिनीने मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा पक्कड आवळली. टक्.

दादा आडव्या बांधापाशी गेला. तोवर उधाणाच्या दाबाने तळं पुन्हा भरत होतं आणि माझ्या खांडीची माती विरघळून तळ्यातलं खारं पाणी भातात झिरपू लागलं होतं.

"आजाच्या हातचा बांध," दादा वहिनीला म्हणाला. "पन्नास वर्षांत फुटला न्हाय. तुज्या हातात आला आणि फुटला. बारशाला नाचत बसलीस."

तिने हातातली चिंबोरी कोपऱ्यात फेकली.

"संपला ना सगळा? मग दसऱ्याची वाट कशाला? आताच ओततू."

"दसऱ्याला सवा महिना हाय," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "करार तुमचा हाय. आणि ओतायचाच असंल तर खांडीवर ओता. भात तुमचा हाय तिथं."

दादाने भाताकडे पाहिलं. पाणी त्याच्या डोळ्यांदेखत आत येत होतं. त्याने आईवरून एक शिवी हासडली, कुणाला ते कळलं नाही, गाडीत बसला, मागे घेतली आणि ट्रॉली उचलली. अर्धा मुरूम खांडीवर बसला, अर्धा तळ्याच्या कोपऱ्यात घसरला. त्या कोपऱ्यात आम्ही सोडवलेल्या काही चिंबोऱ्या होत्या. मुरूम खाली येताना एक सरळ रेघेत पळत होती, बिनडेंग्याची, पण पोचली नाही.

पुढचे आठ दिवस घरात डेंग्यांचं कालवण होतं. शेजारीपाजारी वाटलं तरी संपेना. मी डाव्या हाताने खायचो, उजवा अंगठा पट्टीत. दादा वाटी पुढे करायचा आणि म्हणायचा, "वाड, फुटल्या बांधाचा कालवण." वहिनी वाढायची. मी खाली बघून चोखायचो. ती मला तळ्याची कामं सांगेनाशी झाली. ओहोटीला फळी काढायला, भरतीला लावायला ती एकटीच जायची. मी मदतीला गेलो की म्हणायची, "तुमी वह्या तपासा."

मी तळ्यावर तरीही जायचो, लांबून. ज्यांचे डेंगे गेले होते त्यांनी महिन्याच्या आत पुन्हा कवच टाकलं. इतक्या लवकर टाकत नाहीत. एवढा मोठा अवयव गेला की अंगाला घाई होते. जखमेच्या जागी आधी बोंडाएवढा फुगवटा, मग कवच टाकलं की त्यातून दुमडलेला छोटा डेंगा उलगडायचा, गुलाबीसर, नखाएवढा. वहिनीने या वेळी कवच टाकायची वेळ ओळखून एकेकीला वेगळ्या पिंजऱ्यात ठेवलं होतं. प्रत्येकीला स्वतंत्र. प्लॅस्टिकच्या तुटक्या क्रेट, मासळीबाजारातून मागून आणलेल्या. एकही खाल्ली गेली नाही. माझ्या अंगठ्याचंही नख गळून नवं येत होतं, वेडंवाकडं, पण येत होतं.

दसऱ्याच्या सकाळी तळं उपसलं. दोन्ही डंपर धुऊन, झेंडूचे हार घालून बांधावर उभे होते, पूजेला. दादा स्वतः चिखलात उतरला आणि मोजायला लागला. वहिनी क्रेट पुढे करायची, तो मोठ्याने आकडा म्हणायचा. दोनशे ऐंशीच्या पुढे त्याचा आवाज बारीक झाला. शेवटची क्रेट रिकामी झाली तेव्हा आकडा दोनशे एक्याण्णव होता.

"नऊ कमी," दादा म्हणाला. त्याला आनंद झालेला दिसला नाही.

"ह्यांचे परत आलेले डेंगे बघा अगोदर," वहिनी म्हणाली.

"डेंगे काय बघायचे? नऊ कमी."

"व्हय. नऊ कमी." तिने हात धुतले आणि पदराला पुसले. एवढंच. तिने बांधाकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. कौलं उचलून एकावर एक रचायला लागली, जागा रिकामी करायला.

मी तेव्हा बोललो. शूरपणे बोललो असतो तर बरं झालं असतं, पण पहिलं वाक्य दोनदा म्हणायला लागलं. "बांध फुटला नव्हता. खांड मी पाडली. ती दिघीला असताना. गोडं पाणी सोडायला."

दादाला आधी कळलं नाही. "कशाला?"

"मोठ्या व्हाव्यात म्हणून."

तो चिखलातून वर आला, माझ्यापाशी उभा राहिला आणि मला कानाखाली मारली. चाळिशीच्या माणसाला, शिक्षकाला, दसऱ्याच्या दिवशी, हार घातलेल्या डंपरसमोर. कान सुन्न झाला. दुसरीसाठी हात उचलला तेव्हा वहिनी म्हणाली, "पुरे. पूजा राहिलीय."

"सवा महिना मी हिला बोलतोय," दादा मला म्हणाला. "सवा महिना. आणि तू डेंगे चोखत बसलास."

"तुला ठाऊक व्हता?" त्याने वहिनीला विचारलं.

"पायाचे ठसे व्हते."

"मग बोलली का न्हाईस?"

"बांध त्यांनी फोडला, तोंड पण त्यांनीच उघडायचं."

दादा डंपरच्या टायरवर बसला. तळ्याच्या त्या कोपऱ्याकडे बघत होता, जिथे त्याने मुरूम ओतला होता. मग त्याने विचारलं, "मी कोपऱ्यात ओतला तेवा किती गेल्या?"

"दहाबारा असतील," वहिनी म्हणाली. "मोजायला वेळ न्हवता."

त्याने मान हलवली, उठला, आणि आडव्या बांधावरचा मुरूम पायाने दाबून पाहिला. पक्का बसला होता. "एक गाडी हितं उभी राहील," तो म्हणाला. "कोपऱ्यात. दुसरी देवळासमोर, काय बोलायचं ते बोलू दे." आणि हाराचं एक टोक सुटलं होतं ते बांधायला गेला.

वहिनीने रचलेली कौलं पुन्हा पसरायला घेतली. मी खाली उतरून एक उचललं.

"ठेवा ते," ती म्हणाली. "बांधावर जाऊन बसा. भरती लागली की हाक मारा, तेवढाच काम."

मी जाऊन बसलो. कान अजून वाजत होता, आणि भरतीला अजून दोन तास होते.